चिठ्ठीवर ‘आय-सेव्हन’, आत २०११ चा माल: संगणक अपग्रेडमध्ये झालेली फसवणूक

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणाऱ्या सातारा जिल्ह्यातल्या एका फोटोग्राफरने सीझन सुरू व्हायच्या आधी आपला जुना संगणक अपग्रेड करून घेतला. दुकानदाराने वहीच्या पानावर लिहून दिलं: आय-सेव्हन प्रोसेसर मदरबोर्डासह, १६ जीबी रॅम, १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी (डेटा साठवायची डिस्क), ४५० वॅट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). खाली एकूण रक्कम आणि त्यातून जुन्या बोर्ड-प्रोसेसरचे दीड हजार वजा. पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हटल्यावर बिलाचा विषय तिथेच संपला.

दोन महिन्यांनी एका लग्नाचं अख्खं शूटिंग त्या एसएसडीवरून गेलं. फाईलींची नावं दिसत होती, साईझ दिसत होती, पण उघडत एकही नव्हती. कॅमेऱ्याची कार्डं तोवर पुढच्या ऑर्डरसाठी फॉरमॅट झालेली. हळद, सप्तपदी, पाठवणी, काहीच उरलं नाही. हे नुकसान पैसे परत मिळाले तरी भरून येणारं नाही. त्यानंतर कॅबिनेट उघडून एकेक पार्ट तपासला, तेव्हा चिठ्ठीतल्या पाच ओळींपैकी रॅमची एकच ओळ धड निघाली.

अशी चिठ्ठी गावोगाव लिहिली जाते आणि तिच्यात एक गोष्ट हटकून नसते: पूर्ण मॉडेल नंबर. नंबर नसला की दुकानदाराला काहीही बसवायची मोकळीक मिळते, आणि नंतर भांडायला ग्राहकाच्या हातात काही राहत नाही.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. नुसतं ‘आय-सेव्हन’ म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण या नावाचे प्रोसेसर २००८ पासून येताहेत. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. या कॅबिनेटमध्ये आय७-२६०० निघाला. २६०० मधला पहिला आकडा २, म्हणजे दुसरी जनरेशन, साल २०११. आणि दीड हजारात जो काढून घेतला तो होता आय५-४४६०, चौथ्या जनरेशनचा, २०१४ चा. म्हणजे नवा म्हणून पैसे देऊन जो घेतला तो जुन्यापेक्षा तीन वर्षांनी जुना! आय७-२६०० ला चार कोअर (काम करणारी केंद्रं) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, त्यामुळे एखाद्या रेंडरमध्ये (तयार व्हिडिओ बनवताना) तो थोडा पुढेही जाईल. पण त्याच्यात एव्हीएक्स-२ (नव्या प्रोसेसरमधला आदेशसंच) नाही, आणि ते लागणारी काही नवी सॉफ्टवेअर त्यावर इन्स्टॉलच होत नाहीत. २०२२ च्या आय३-१२१०० लाही चारच कोअर, आठच थ्रेड आहेत, तरी वेगात तो कितीतरी पुढे आहे. आय३ म्हणजे हलका आणि आय७ म्हणजे भारी, हा समज एकाच जनरेशनच्या आत ठीक आहे. दहा वर्षांच्या अंतरावर तो ग्राहकाला गाळात घालतो.

सोबतचा बोर्ड होता एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे पोर्ट सांभाळणारी मुख्य चिप), खोकं मात्र कोरं करकरीत. असे बोर्ड चीनमध्ये आजही नव्याने बनतात, त्यांच्यावर जुन्या बोर्डांवरून काढलेले चिपसेट बसवलेले असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत ते उघडपणे विकले जातात. जुना संगणक दुरुस्त करायला त्यांचा उपयोगही आहे, तेव्हा ते विकण्यात काही गैर नाही. लबाडी आहे ती ‘नवा बोर्ड’ एवढंच सांगून जनरेशन लपवण्यात. एच६१ चिपसेटला साटा (डिस्क जोडायचा मार्ग) ३ गिगाबिटचाच मिळतो, त्यामुळे अस्सल एसएसडी लावली तरी ५५० ऐवजी सेकंदाला साधारण २८० एमबीवर अडकते. यूएसबी ३ चिपसेटमध्येच नाही. काही बोर्डांवर ते वेगळी चिप लावून दिलेलं असतं, या बोर्डावर तेही नव्हतं. यूएसबी २ वर ६४ जीबीचं कार्ड रिकामं करायला अर्धा तास जातो. जो एच८१ बोर्ड काढून घेतला, त्यावर साटा ६ गिगाबिटचे दोन पोर्ट होते आणि यूएसबी ३ सुद्धा होतं. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी जनरेशन लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार विंडोजच्या या तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकून देतात, पण दर वर्षीचं मोठं अपडेट मग आपोआप येईलच याची खात्री राहत नाही.

तपासायला सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात ‘स्पेसिफिकेशन’ची ओळ वाचा, ती थेट प्रोसेसरकडून येते. विंडोजच्या सिस्टिम पानावर दिसणारं नाव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींत) फेरफार करून बदलता येतं, म्हणून दुकानदाराने आधीच उघडून ठेवलेल्या त्या पानावर भिस्त ठेवू नका.

याच्या उलट आणखी एक खोड आहे. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या जनरेशनच्या सॉकेटचं (प्रोसेसर बसवायच्या खाचेचं) नाव एकच, एलजीए ११५१. आठव्या जनरेशनचा आय५-८४०० हा सहाव्या-सातव्याच्या एच११० बोर्डावर अगदी नीट बसतो, पण संगणक चालू होत नाही. तो त्या बोर्डासाठी नाहीच. मग ‘बोर्ड उडाला, नवा घ्यावा लागेल’ असं सांगून दुसरी खरेदी गळ्यात मारली जाते. प्रोसेसर घ्यायच्या आधी बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. आपला बोर्ड, त्याचं व्हर्जन, प्रोसेसरचा नंबर आणि त्याला लागणारं बायोस (बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलंच सॉफ्टवेअर), ही चारही जुळली तरच पैसे मोजा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असणाऱ्यांना तर याचा मोठा फायदा होतो. पुष्कळ जुन्या बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० प्रोसेसर चालतो, बोर्ड बदलावाच लागत नाही. फक्त अपडेट जुना प्रोसेसर काढायच्या आधी करायचं.

ग्राफिक्स कार्ड हा या चिठ्ठीतला सगळ्यात सराईत खोटेपणा. अस्सल जीटीएक्स १०५० टीआय २०१६ चं: जीपी१०७ चिप, ७६८ कोअर, ४ जीबी मेमरी. या कॅबिनेटमध्ये निघालं ते जीएफ११६ चिपचं, म्हणजे २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयच्या घरातलं, १९२ कोअरचं. त्या कार्डाचं बायोस बदलून त्याला नवं नाव आणि ४ जीबीचा आकडा दिलेला. प्रत्यक्षात मेमरी १ जीबी. त्यामुळे डेस्कटॉप आणि यूट्यूब बिनतक्रार चालतं आणि ग्राहक खूश होऊन घरी जातो. व्हिडिओ एडिटिंगची मोठी टाईमलाईन उघडली की स्क्रीन काळी पडते.

हे कार्ड ओळखायला मागची पट्टी बघितली तरी चालतं. त्यावर निळा व्हीजीए पोर्ट होता. ही कार्डं ज्या कंपनीच्या चिपवर चालतात त्या एनव्हिडियाने १० सिरीजपासून व्हीजीएला लागणारं अॅनालॉग आउटपुट चिपमधूनच काढून टाकलं, तेव्हा १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डावर व्हीजीए दिसला की हात आखडता घ्या. दुसरी खूण दुकानदाराच्याच तोंडून मिळते: ‘ड्रायव्हर अपडेट करू नका, आम्ही दिलेलाच ठेवा.’ या जुन्या चिपचे नियमित ड्रायव्हर एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवले. त्यामुळे कंपनीच्या साईटवरचा १०५० टीआयचा ड्रायव्हर टाकला की कार्ड चालत नाही किंवा निळा पडदा येतो. अस्सल कार्डाला कोणताही दुकानदार अशी अट घालत नाही. तिसरी खूण व्हिडिओवाल्यांच्या कामाची. एक्सपोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंगचा (व्हिडिओ कार्डाकडूनच तयार करून घेण्याचा) पर्याय येतच नाही, कारण ते काम करणारं एनव्हीईएनसी त्या पिढीच्या कार्डात नव्हतंच.

नि:संशय उत्तर हवं असेल तर जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवा. सप्टेंबर २०१८ च्या २.१२.० आवृत्तीपासून ते अशी कार्डं पकडतं: नावाच्या आधी ‘फेक’ असा शब्द आणि चित्राच्या जागी इशाऱ्याचा त्रिकोण. या कार्डावर तेच दिसलं. तिथेच जीपीयूच्या चौकटीत खरी चिप आणि शेडर्सच्या चौकटीत कोअरचा आकडा असतो. दोन्ही अस्सल कार्डाच्या आकड्यांशी ताडून बघा.

कार्ड अस्सल असूनही नावात गोम असते, तेही ध्यानात ठेवा. जीटी १०३० दोन प्रकारची आहेत: जीडीडीआर५ मेमरीचं सेकंदाला ४८ जीबी बँडविड्थ (डेटा वाहण्याचा वेग) देतं, डीडीआर४ चं जेमतेम १७. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड २५६० कोअरचं, ६ जीबीचं २३०४ कोअरचं. दोन जीबी मेमरी कमी एवढाच तो फरक नाही, चिपही छाटलेली आहे. आरएक्स ५८० २०४८एसपी हे वस्तुतः ५७० च्या ताकदीचं कार्ड; खऱ्या ५८० ला २३०४ कोअर असतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली अशी कार्डं बाजारात आली. पंखे बदलून, पुसून ती नवी म्हणून विकली गेली.

आता ती एसएसडी, जिने सगळ्यात जास्त रडवलं. तिच्या कंट्रोलरचं फर्मवेअर (ती चालवणाऱ्या चिपमधलं सॉफ्टवेअर) विंडोजला १ टीबी सांगत होतं, आतली खरी जागा होती १२० जीबीच्या आसपास. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. ती संपली की ड्राइव्ह नवा डेटा घेतल्याचं सांगते, पण तो लिहीत नाही, किंवा आधीच्या डेटावर लिहिते. फाईलींची यादी तेवढी शाबूत राहते, म्हणून नाव आणि साईझ दिसते. विंडोज एकही एरर देत नाही. म्हणूनच हा प्रकार उघडकीला यायला महिने लागतात, आणि तेव्हा डेटा गेलेला असतो.

पुष्कळ जण कव्हर उघडून आत बोटभर सर्किट दिसलं की एसएसडी खोटी ठरवतात. ते चूक आहे, हल्ली अस्सल एसएसडीतही सर्किट तेवढंच असतं. खरी परीक्षा म्हणजे ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचणं. एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर मोकळ्या जागेत १-१ जीबीच्या फाईली लिहितं आणि मग प्रत्येक फाईल वाचून तपासतं. ड्राइव्ह रिकामी असतानाच ते चालवा. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १ टीबी लिहायला पावणेतीन तास आणि वाचायला तेवढेच. रात्री लावून झोपा, पण ही चाचणी पार पडेपर्यंत त्या ड्राइव्हवर कोणाचंही काम ठेवू नका आणि कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्ह किती तास चालली ते दिसतं. नव्या एसएसडीवर हजारो तास दिसले तर ती कुठूनतरी काढलेली आहे. आकडा शून्याजवळ असला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, तो मागे फिरवता येतो.

एसएमपीएसवर ‘४५०’ मोठ्या अक्षरात छापलं होतं. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार करा: १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. ९५ वॅटचा प्रोसेसर आणि ७५ वॅटचं कार्ड जोरात चालले की १७० झाले. अस्सल ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर साधारण ३५ अँपिअर असतात. हातात घेतल्यावर पोकळ लागणारं वजन, बारीक वायरी आणि मागे ११५/२३० चा लाल खटका, ही स्वस्त मालाची लक्षणं. तो खटका असला की समजायचं, आत अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) नाही. लोड आला की संगणक अचानक रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाईन लोडखाली ११.४ च्या खाली गेली तर त्याच दिवशी एसएमपीएस बदला, कारण तो जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन जातो. सगळ्या चिठ्ठीत पैसे वाचवू नयेत अशी ही जागा, आणि लोक नेमके इथेच वाचवतात.

रॅम खरोखर १६ जीबी होती, ८-८ च्या दोन पट्ट्या. फक्त जुन्या प्रकारची, डीडीआर३, त्यामुळे पुढे नवा बोर्ड घेतला की ती बाद. स्वस्त डीडीआर३ घेताना ‘फक्त एएमडीसाठी’ असलेल्या ८ जीबीच्या पट्ट्या टाळा, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत.

खरं तर त्या आय५-४४६० ला हातच लावायला नको होता. अस्सल साटा एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि एक खरं ग्राफिक्स कार्ड एवढ्यावर काम झालं असतं, आणि उरलेले पैसे पुढे बोर्ड-प्रोसेसर एकदमच नव्या जनरेशनचा घेण्यासाठी ठेवता आले असते.

दुकानात जाताना ही चारही सॉफ्टवेअर घरून पेन ड्राइव्हवर न्या. सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड काउंटरवर दहा मिनिटांत उरकतात. ती चालवायला जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. बिलावर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या. बिल न देणं आणि जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहेत. १८ टक्के वाचवायला जे बिल सोडलं जातं, वॉरंटीही त्याच्यावरच मिळते. ऑनलाइन मागवलं तर खोकं फोडल्यापासून सीरियल नंबर दिसेपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

फसवणूक आधीच झाली असेल तर संशयित एसएसडी लगेच काढा. तिच्यावर काही लिहू नका, फॉरमॅट किंवा चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) चालवू नका, ज्या फाईली उघडतात त्या दुसऱ्या डिस्कवर घ्या. जीपीयू-झेड आणि एचटूटेस्टडब्ल्यूचे निकाल दिसतील असे फोटो काढा. दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअॅप चालेल. दाद दिली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पैसे ऑनलाइन देऊन माल आलाच नसेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बिल नसलं तरी हताश होऊ नका. दुकानदाराच्या हस्ताक्षरातली ती चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि मोबाईलवरचे मेसेज हा पुरावाच आहे. चिठ्ठीचा आज फोटो काढून ठेवा, बॉलपेनची शाई पुसट होते.