ढिगातलं 'फॉरेन' जॅकेट: घ्यावं का, घेतलंच तर काय बघावं

थंडी पडायला लागली की मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत हातगाडीवर जुन्या जॅकेटांचे ढीग दिसू लागतात. "कुठलंबी उचला, अडीचशे!" हा बोहारणीनं भांड्याच्या बदल्यात नेलेला गावातला माल नव्हे. आतल्या बाजूच्या शिवणीतली पट्टी उलटून बघा. कोरियन अक्षरं किंवा 'आरएन' (अमेरिका) अथवा 'सीए' (कॅनडा) लिहून पुढे आकडा असेल, तर ते जॅकेट त्या देशाच्या बाजारासाठी बनलेलं आहे.

आधी चेन पाच-सहा वेळा वर-खाली करा. रनर बदलून मिळतो, पण दाते गेले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते आणि तो खर्च जॅकेटच्या निम्म्यावर जातो. चामड्यासारखं दिसणारं जॅकेट सरळ सोडून द्या. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने काही वर्षांत कुजतो. कोपरावर नख घासलं की पापुद्रे निघतात, आणि एकदा सुरुवात झाली की दुरुस्ती नाही. मनगटाचं इलास्टिक ताणल्यावर करकरलं तर आतला रबर गेला. लोकरी कपडा उन्हाकडे धरा, कसरीची भोकं लगेच दिसतात. जीन्सच्या मांड्यांची आतली बाजू बघा, गुडघे नंतर. पाठीवर जिथं सांधा असायला नको तिथं सरळ शिवण दिसली, तर तो कापून पुन्हा शिवलेला माल असू शकतो.

आपल्याकडे जुने कपडे अखंड आयात करायला परवाना लागतो. कापून निकामी केलेल्या चिंध्यांना तेवढी मोकळीक आहे. गुजरातेत कांडल्याच्या सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कारखान्यांत माल निवडतात, घालण्याजोगा बराचसा परत परदेशी जातो. चिंध्यांचं पानिपतात शॉडी सूत होतं: बटणं-चेनी काढायच्या, रंगवार ढीग लावायचे, यंत्रात फाडून तंतू मोकळे करायचे आणि पुन्हा कातायचे. तंतू आखूड होतात, म्हणून त्या सुताच्या ब्लँकेटचा भुसा गळतो. मग हातगाडीवर अखंड जॅकेट आलं कुठून? गाडीवाल्याला विचारून उपयोग नाही, त्यालाही गठ्ठा वजनावरच मिळालेला असतो.

किमतीचं खरं मर्म त्या वजनात आहे. नव्या कपड्याच्या भावात कापूस, जिनिंग, सूत, विणाई, रंगाई, शिलाई एवढं सगळं बसतं. जुन्याच्या भावात फक्त निवडणावळ आणि भाडं. ही बरोबरी कुठल्याच कारखान्याला जमत नाही. आफ्रिकेत ती जमली नाहीच. 1981 ते 2000 या काळात तिथलं तयार कपड्यांचं उत्पादन जेवढं घटलं, त्यातली साधारण 40 टक्के घट जुन्या कपड्यांच्या आयातीमुळे, असा एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा हिशोब आहे. उरलेला दोष इतरत्र शोधावा लागतो, हेही त्यातच आलं. रवांडाने 2016 मध्ये जुन्या कपड्यांच्या आयातीवरचा किलोमागे 20 सेंटचा कर अडीच डॉलरवर नेला. म्हणजे 800 ग्रॅमच्या जॅकेटवर 16 सेंटऐवजी 2 डॉलर. त्यावरून 2018 मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांची करसवलत थांबवली, आणि बाजारात रिकामी झालेली जागा बरीचशी स्वस्त, नव्या चिनी कपड्यांनी भरली.

मराठवाड्यात या जुन्या कपड्यांचा फटका हिमरू किंवा पैठणीला बसत नाही, त्यांचं गिऱ्हाईकच वेगळं. नांदेडच्या खादी समितीच्या ध्वजाच्या कापडालाही नाही. जुना झेंडा विकत कोण घेणार? (त्यांना धक्का 2021 च्या अखेरीस पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली तेव्हा बसला.) फटका बसतो तो लुधियानाचे स्वेटर विकणाऱ्याला आणि गल्लीत शिलाई करणाऱ्याला. आपला कापूस 170 किलोच्या गाठींत बांधून बहुतेक बाहेरच जातो. इथं उरते ती शिलाई, आणि हा ढीग नेमका तिच्यावर येतो. अल्टरचं काम थोडं वाढतं, पण चेन बदलणं म्हणजे शर्ट शिवणं नव्हे.

तरीही घेणार असाल तर सुती जीन्स आणि फ्लीसचं जॅकेट पैसे वसूल करतं. आतले कपडे, मोजे, बूट नकोत. लहान मुलांना नवाच स्वेटर घ्या. घरी आणल्यावर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा, अंगापासून दूर खरजेचा किडा तेवढा तगत नाही. मग सुती कपडा कढत पाण्यात, लोकरीचा गार पाण्यात, दोन्ही वेगळे धुवा. पिसांचं जॅकेट दोरीवर लटकवू नका, ओली पिसं खाली गोळा होतात. आडवं पसरून वाळवा आणि मधूनमधून पिसांचे गोळे हाताने फोडत राहा.