तोजिरो डीपी सांतोकु: सुरीसोबत निसणाही घ्या

'सांतोकु' म्हणजे तीन गुण. मांस, मासे आणि भाजी ही तिन्ही कामं एकाच सुरीने भागावीत म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी घरांत ही सुरी रुळली. भाजीची चौकोनी नाकिरी आणि पाश्चात्त्य शेफ नाइफवरून बेतलेली ग्युतो, या दोघींच्या मधली. पातं १६५ ते १८० मिलिमीटर, धार जवळजवळ सरळ, पाठ टोकापाशी खाली उतरलेली. पहिली जपानी सुरी कोणती घ्यावी असं कुणी विचारलं की तोजिरोच्या डीपी मालिकेतल्या १७० मिलिमीटरच्या सांतोकुचं (एफ-५०३) नाव हमखास निघतं. निइगाता प्रांतातल्या त्सुबामे शहरातली ही कंपनी. शिफारस रास्त आहे, पण ती बहुतेक वेळा अर्धीच केली जाते.

पात्याचा गाभा व्हीजी-१० पोलादाचा आहे. त्यात सुमारे १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, कोबाल्ट असतं. दोन्ही अंगांना मऊ स्टेनलेसचा थर. कडकपणा रॉकवेल सी मापावर ६०च्या आसपास. आपल्याकडे मिळणाऱ्या युरोपीय धाटणीच्या चांगल्या स्टेनलेस सुऱ्या ५५ ते ५८मध्ये असतात. फरक छोटा दिसतो, पण ओट्यावर तो लगेच कळतो: मऊ पोलादाची धार वाकते, कडक पोलादाची तुटते. वाकलेली धार स्टीलच्या सळईवर चार वेळा ओढली की सरळ होते. तुटलेल्या धारेला दगडच लागतो. त्या बदल्यात हे पातं दर बाजूला १५ अंशांची बारीक धार महिनोन्‌महिने धरून ठेवतं. युरोपीय सुरीला ती २० अंशांच्या आसपास ठेवावी लागते.

हातात घेतल्यावर पहिलं जाणवतं ते मुठीचं वजन. मूठ पाश्चात्त्य पद्धतीची, तीन रिव्हेटची, दाबलेल्या लाकडाची. मजबूत आहे, पण जराशी चौकोनी, त्यामुळे लहान हाताला पहिले काही दिवस ठोकळा धरल्यासारखं वाटतं. दुसरी खोट जास्त बोचते. पात्याची पाठ आणि टाचेकडची, म्हणजे मुठीजवळची, आतली कड गोल केलेली नसते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पातं धरलं, म्हणजे धरायला हवं तसं, की अर्धा किलो कांदा होईस्तोवर तर्जनीच्या पेरावर वळ उठतो. उपाय दहा मिनिटांचा. ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून त्या दोन कडांवर आडवा फिरवायचा, मग ८०० नंबरचा. धारेला जाड कापडात गुंडाळून मगच.

धार दोन्ही बाजूंनी आहे, त्यामुळे डावखुऱ्यांनाही हीच चालते. मात्र विळीवर हात बसलेल्यांना सवय बदलावी लागते. विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी पुढे सरकते. इथे भाजी जागेवर राहते आणि सुरी पुढे ढकलत खाली येते. टोक पाटावर टेकवून झोपाळ्यासारखी हलवायची सवय असेल तर ही सुरी 'टक्‌' करून अडते, कारण तिच्या धारेला तेवढा बाकच नाही. कोथिंबिरीवर फरक पाहा. पुढे ढकलून एकदाच कापलेल्या जुडीचा पाटावर हिरवा डाग पडत नाही. डाग पडला तर पानं चिरली नसून चेंगरली गेली आहेत. बटाट्याच्या काचऱ्या मात्र पात्याला चिकटतातच. पात्यावर खड्डे पाडलेल्या सांतोकुही मिळतात, पण त्यांनी फार फरक पडत नाही.

काय कापायचं नाही, ते तोंडपाठ हवं. नारळ, सुकं खोबरं, मटणाची हाडं, सुरमईचा मधला काटा, फ्रीझरमधून नुकतंच काढलेलं काहीही, कच्चा फणस. लाल भोपळा चालतो, पण सुरी अडकल्यावर तिला पिळायचं नाही. टवके उडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे पिळणंच असतं. बारीक धारेला वरून आलेला जोर झेपतो, आडवा झेपत नाही. चिरलेली भाजी धारेनेच खरवडून कढईत लोटणं हाही तोच प्रकार. सुरी उलटी करून पाठीने लोटा. खालचा पाट लाकडाचा किंवा मऊ प्लॅस्टिकचा हवा. काच, स्टील, ग्रॅनाइटचा ओटा यांवर ही धार एका स्वयंपाकात उतरते. बांबूही लाकडापेक्षा धारेला कडकच.

आता निसणा. सुरीच्या बजेटमध्ये १००० नंबरचा जपानी पाण्याचा दगड बसत नसेल तर ही सुरी घेऊ नका. व्हिक्टोरिनॉक्सची १७ सेंटिमीटरची सांतोकु घ्या, ती मऊ आहे, सळईवर भागते. दारावरच्या धारवाल्याकडे व्हीजी-१०चं पातं देणं म्हणजे ते घालवणं. कोरड्या चाकावर कडेचं पोलाद काही क्षणांत इतकं तापतं की धारेजवळ निळसर रंग चढतो. तिथला कडकपणा गेला, आणि तेवढा भाग घासून काढेपर्यंत तो परत येत नाही. दोन चाकांमधून ओढायची छोटी यंत्रं धार लावत नाहीत, ओरबाडतात. दातेरी स्टीलच्या सळईनेही या पात्याचे टवके उडतात. सिरॅमिकची गुळगुळीत सळई हलक्या हाताने चालेल.

किंग या कंपनीचा, एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० नंबर असलेला जोडदगड घरासाठी पुरे. १००० नंबरची बाजू बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, पाण्यात ठेवा. ६०००च्या बाजूला वरून पाणी शिंपडलं तरी पुरतं. दगडाखाली ओला फडका घाला, घसरला तर बोट जातं. कोन डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. हे पातं टाचेपाशी साधारण ४६ मिलिमीटर रुंद आहे, तेव्हा १५ अंशांसाठी पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचललेली हवी. टीव्हीच्या रिमोटमधला बारीक सेल साडेदहा मिलिमीटर जाड असतो, त्याहून किंचित जास्त. पहिल्या वेळी धारेवर मार्करने रेघ ओढा. चार हातांनंतर शाई फक्त वरच्या अंगाची गेली तर पाठ खाली पडली आहे, फक्त धारेच्या अगदी कडेची गेली तर जास्त उचलली आहे.

टाच, मध्य, टोक असे तीन भाग करा. प्रत्येकावर दहा-पंधरा हात, दाब दोन बोटांचा. दगडावर जमणारा करडा चिखल धुऊ नका, घासण्याचं काम तोही करतो. थांबायचं कधी? पलीकडच्या बाजूला धारेवर बारीक खरखर लागेल तेव्हा. वर्कशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर, आडवा सरकवून बघा, धारेच्या लांबीने कधीच नाही. टाचेपासून टोकापर्यंत सलग बर आल्याशिवाय बाजू बदलू नका. अर्ध्यावर बदलली तर दोन्ही उतार कडेशी भेटतच नाहीत, आणि तासभर घासूनही टोमॅटोवर सुरी घसरते. दुसऱ्या बाजूलाही बर आली की दाब कमी करत दर बाजूला पाच, तीन, एक असे हात, मग ६०००च्या बाजूवर तेच. 'छान लागली होती, पण दुसऱ्याच दिवशी गेली' अशी तक्रार असते तेव्हा बहुधा धार गेलेली नसते, उरलेली बर मोडलेली असते. शेवटी बुचाच्या लाकडात धार एकदा अलगद ओढली की ही बर निघून येते.

तपासायला ट्यूबलाइट पुरते. धार वर करून उजेडाखाली धरा. जिथे चमकता ठिपका दिसेल तिथे ती बोथट आहे, नीट लागलेली धार दिसतच नाही. चार माणसांच्या रोजच्या स्वयंपाकाला दोन-तीन महिन्यांतून एकदा दगड पुरतो. दगडही मध्ये खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीने चौकटी काढा, काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ठेवा आणि चौकटी पुसल्या जाईपर्यंत घासा. खोलगट दगडावर कोन हलतो आणि धार गोल होते.

बाकी निगा थोडकी. व्हीजी-१० गंजाला टिकतं, गंजमुक्त नाही. कैरी, कोकम, लिंबू कापून तसंच ठेवलं तर ठिपके येतात, तेव्हा लगेच धुवा आणि पुसा. सिंकमध्ये टाकू नका, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. कोकणच्या पावसाळ्यात शिरोगामीसारख्या निव्वळ कार्बन पोलादाच्या सुरीला खोबरेलाचा हात फिरवून ठेवावं लागतं (सूर्यफुलाचं तेल चिकट होतं). या सुरीला तेवढे लाड नकोत.

ऑनलाइन घेताना लाटांच्या नक्षीला भुलू नका. कापतो तो गाभा, नक्षी बाहेरच्या थराची. खऱ्या थरांच्या पात्यावर धारेच्या थोडं वर गाभा आणि थर यांची वेडीवाकडी सीमारेषा दिसते. नक्षी थेट धारेच्या कडेपर्यंत गेली असेल आणि पाठीवर थरच नसतील, तर ती लेझरने कोरलेली आहे. डीपीवर नक्षी नाही, ती सीमारेषा मात्र स्वच्छ दिसते.

तोक्योतल्या कोणा नातेवाइकाला कप्पाबाशीहून, म्हणजे तिथल्या स्वयंपाकाच्या सामानाच्या बाजारातून, आणायला सांगणार असाल तर सुरी खोक्यातून काढू नये, एवढं बजावा. ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी सबळ कारणाशिवाय बाळगणं जपानमध्ये गुन्हा आहे. आणि विमानात ती चेक-इन सामानातच.