कोरियानंतरचं पेनिसिलिन: सुई की गोळी?

स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे घसा धरला, बराही झाला. काही महिन्यांनी मुलीच्या हातातून पेला निसटू लागला. बोटं आपोआप वळवळायची, वहीतली अक्षरं ओळ सोडायची, मध्येच रडू फुटायचं. सिडनहॅम कोरिया! म्हणजे या घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, हृदयालाही धोका असलेल्या रुमॅटिक तापाचाच एक प्रकार. ही वळवळ बहुधा काही महिन्यांत ओसरते. पेनिसिलिन मात्र हृदय ठणठणीत असलं तरी निदान 5 वर्षं किंवा वयाच्या 21 पर्यंत, यांतलं जे लांबचं असेल तोवर. पुन्हा संसर्ग झाला तर कोरिया उलटू शकतो आणि हृदयाच्या झडपांवरही बेततं.

गोळीचा मोह मला कळतो. सुई नाही, रडारड नाही. पण दिवसाला दोन म्हणजे वर्षाला 730 गोळ्या! लेकरू खेळायला लागलं, परीक्षा आली, गावाला गेलो, की हमखास चुकतात.

सुई म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, दर 3-4 आठवड्यांनी, कमरेत. दुखतं, फार दुखतं. औषध थंडगार नसेल आणि सावकाश दिलं, तर जरा सुसह्य होतं. आम्ही तेवढा वेळ तिचा हात धरून आकडे मोजायचो. संरक्षण गोळीपेक्षा खात्रीचं, म्हणून माझा कौल सुईलाच. झडपेचा आजार गंभीर असेल, तर मात्र गोळी जास्त सुरक्षित ठरू शकते. ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.