मजुरीवर बांधावे की मालासह ठेका द्यावा? स्वतंत्र घराच्या अंदाजपत्रकासाठी तुलना

स्वतःच्या जागेवर घर बांधायचे ठरले आणि आराखडा हाती आला, की पहिला प्रश्न काम कसे द्यायचे हा असतो. एक रीत मजुरीची आहे: सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा हे सगळे आपण आणायचे आणि गवंड्याला बांधीव क्षेत्राच्या चौरस फुटाप्रमाणे फक्त मजुरी द्यायची. दुसरी रीत मालासह ठेक्याची आहे, जिच्यात ठेकेदार माल आणि माणसे दोन्ही आणतो आणि आपण ठरलेल्या दराने टप्प्याटप्प्याने पैसे देतो. बहुतेक जण या दोन दरांची वजाबाकी करून मोकळे होतात, आणि ठेकेदाराचा नफा वाचतो म्हणून मजुरीची रीत स्वस्त ठरवतात. माझ्या मते ही वजाबाकी अपुरी आहे, कारण जास्तीचा माल कोणाच्या खिशातून जातो हे दोन्ही रीतींत वेगळे असते आणि कामातले दोषही त्याप्रमाणे बदलतात.

मजुरीच्या कामात गवंड्याला सिमेंट वाचवण्याचे काही कारण नसते. तो कालवलेला माल हात आखडता घेऊन वापरत नाही, त्यामुळे मिश्रण सहसा भक्कम होते. पण दुपारच्या सुट्टीपूर्वी जास्तीचे कालवलेले मिश्रण घट्ट होऊन फेकले जाते, 12 मीटरच्या सळईचे तुकडे बेहिशेबी कापले जातात आणि त्यांचे भंगार कोपऱ्यात साचते. मालासह ठेक्यात नेमके उलट घडण्याची भीती असते. तिथे वाचलेले प्रत्येक पोते ठेकेदाराचे असते, आणि 1:4 (एक भाग सिमेंटला चार भाग वाळू) ऐवजी 1:6 प्रमाणाचा गिलावा वाळल्यावर नुसत्या डोळ्यांना सारखाच दिसतो. म्हणून पहिल्या रीतीत मालाच्या हिशेबावर लक्ष लागते, तर दुसऱ्या रीतीत मिश्रणाच्या प्रमाणावर. प्रामाणिक ठेकेदार पुष्कळ आहेत, पण घर बांधणाऱ्याने आपली देखरेख कुठे खर्च करायची हे आधी ठरवलेले बरे.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. साध्या घराला चौरस फुटाला सुमारे 0.4 पोते सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे 1000 चौरस फुटांच्या घराला 400 पोती आणि जवळपास 4 टन सळई झाली. काम चालू असताना सिमेंट पोत्यामागे 40 रुपयांनी महागले तर 16,000 रुपये वाढतात, आणि सळई किलोमागे 10 रुपयांनी महागली तर 40,000 रुपये. मजुरीच्या कामात ही वाढ थेट आपल्या अंगावर येते. मालासह ठेक्यात ती ठेकेदाराने सोसायची असते, परंतु करारात तसे लिहिलेले असेल तरच. नाहीतर अर्ध्या कामात दरवाढीची मागणी येते आणि तोपर्यंत आपले बरेचसे पैसे देऊन झालेले असतात.

मजुरीच्या कामाचा खरा भार स्लॅबच्या दिवशी कळतो. 1000 चौरस फुटांच्या 5 इंची स्लॅबला, तुळया सोडून, सुमारे 11.8 घनमीटर काँक्रीट लागते. एम-20 या ताकदीच्या काँक्रीटला घनमीटरला 8 पोती धरली तर 90 हून अधिक पोती, सुमारे 2 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू आणि साडेतीन-चार ब्रास खडी आदल्या दिवशीच जागेवर हजर असावी लागते, कारण काँक्रीट मध्येच थांबले तर तिथे सांधा राहतो आणि तिथूनच पुढे गळती लागू शकते. शिवाय सिमेंट फार आधी आणून ठेवणेही बरे नाही. तीन महिन्यांहून जुन्या पोत्यांची ताकद घटत जाते आणि पावसाळी हवेत तर ती लवकर गठ्ठे धरतात. हे सगळे जुळवायला रोज जागेवर जाणारा घरचा माणूस हवा. त्याच्या रजा, पेट्रोल आणि फोन यांचा खर्च अंदाजपत्रकात सहसा कोणी धरत नाही, आणि तो धरला की दोन दरांतले अंतर बरेच कमी होते.

पायाबाबत मालासह ठेक्याची जाहिरात फसवी ठरू शकते. चौरस फुटाचा ठरीव दर पायाची विशिष्ट खोली गृहीत धरून दिलेला असतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात काळ्या मातीवर बांधताना घट्ट मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्या वाढीव खोलीचे पैसे वेगळे मागितले जातात, आणि तेव्हा ‘ठरीव’ हा शब्द निरर्थक होतो. म्हणून कोणत्याही रीतीने काम देण्यापूर्वी जागेवर खड्डा घेऊन अभियंत्याला माती दाखवावी आणि जोत्यापर्यंतचे काम वेगळ्या मोजमापाने ठरवावे. जिना, छज्जे, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी आणि कुंपण दरात धरले आहे की नाही, हेही दोन्ही करारांत नावानिशी लिहून घ्यावे.

कराचा फरकही मोठा आहे. एकट्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटी नाही. मालावरचा कर मात्र आपण बिलात भरतोच. सिमेंटवर तो 28 टक्के होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. मालासह ठेक्यात नोंदणीकृत ठेकेदार मजुरी धरून पूर्ण रकमेवर 18 टक्के लावतो. मालावर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळते, म्हणून दर करासह आहे की करावेगळा हे बोलणी करतानाच विचारावे.

गृहकर्ज असेल तर बँक रक्कम बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे देते आणि सहसा आपला वाटा आधी घालावा लागतो. मजुरीच्या कामात टप्पा पुरा होण्यापूर्वीच माल विकत घ्यायचा असल्यामुळे हाताशी अधिक रोकड लागते.

मुंबईत नोकरी आणि घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात, अशी स्थिती असेल तर मी मालासह ठेकाच सुचवेन. मात्र सिमेंट-सळईची प्रत, गिलाव्याची जाडी आणि मिश्रणाचे प्रमाण करारात असावे, आणि स्लॅब भरण्यापूर्वी सळई तपासायला ठेकेदाराशी संबंध नसलेला अभियंता ठेवावा. निवृत्त माणूस त्याच गावात राहत असेल आणि त्याला रोज दोन तास उभे राहणे जमत असेल, तर मजुरीची रीत त्याला परवडेल आणि समाधानही देईल. या दोहोंमधली तिसरी वाटही चालते: सिमेंट आणि सळई आपली, बाकी सारे ठेकेदाराचे. माझा कल तिच्याकडे आहे, कारण घराची ताकद ज्या दोन वस्तूंवर सर्वाधिक अवलंबून असते त्यांची बिले आपल्या हातात राहतात आणि वाळू-विटांच्या मागे धावावे लागत नाही.

गच्ची गळली तर जबाबदार कोण, हे तिन्ही रीतींत वेगळे आहे. मजुरीच्या कामात गवंडी मालाला दोष देतो आणि दुकानदार गवंड्याला. मालासह ठेक्यात उत्तर एकट्या ठेकेदाराला द्यावे लागते, आणि ही त्या रीतीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. तिसऱ्या वाटेने जाणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक खेप उतरवताना ठेकेदाराची माल पसंत असल्याची सही घ्यावी. शेवटच्या टप्प्याच्या रकमेपैकी काही भाग, निदान एकूण किमतीच्या 5 टक्के, गच्चीवर 48 तास पाणी कोंडून पाहिल्यानंतर आणि त्यावरून एक पावसाळा गेल्यानंतरच द्यायचा, असे कलम काम सुरू होण्यापूर्वी मान्य करून घ्यावे.