मासळीच्या ट्रकखाली लॅनोलिनचा लेप : पावसाळा ओलांडल्यानंतरचा अनुभव

गाडीच्या खालच्या भागाला गंज लागू नये म्हणून जे लेप बाजारात मिळतात, त्यांपैकी अनेकांच्या सूचना थंड देशांतील रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात आणि चाकांनी उडवलेला तो खारा चिखल चासीला चिकटून बसतो. म्हणून थंडीच्या तोंडावर लेप मारावा आणि वर्षभर निश्चिंत राहावे, असा एकूण सल्ला असतो. गोव्यात रस्त्यावर मीठ टाकायचे कोणाला कारण नाही, तरी माळीम किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीवर माल भरणाऱ्या ट्रकची चासी कोणत्याही हिमप्रदेशातल्या ट्रकइतकीच मीठ खाते. आमचा ट्रक मध्यम आकाराचा, इन्सुलेटेड बॉडीचा आणि जुना घेतलेला आहे. तो माळीमहून डिचोली, साखळी करीत चोर्ला घाटाने बेळगावकडे जातो. गेल्या मे महिन्यात त्याच्याखाली लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या मेणाचा, तेलकट लेप मारून घेतला. त्यानंतर अख्खा पावसाळा, मासेमारीचा हंगाम आणि पुन्हा उन्हाळा असा काळ गेला आहे. लेप उपयोगी आहे, परंतु तो ट्रकच्या प्रत्येक भागासाठी नाही, आणि डब्यावरचे वेळापत्रक येथे चालत नाही, असे माझे मत झाले आहे.

मासळीच्या ट्रकखाली मीठ कसे पोहोचते हे आधी पाहिले पाहिजे, कारण लेप कुठे मारायचा हे त्यावरच ठरते. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि जेटीवरून चढणारे क्रेट त्या पाण्याने निथळत असतात. त्यात लांबच्या भाड्याला काही जण बर्फात जाडे मीठ मिसळतात. मीठ मिसळले की बर्फ शून्याच्या खाली वितळू लागतो आणि माल अधिक गार राहतो. साधे मीठ पाण्यात सुमारे 23 टक्के असले तर ते द्रावण उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही. थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात ते याच गुणामुळे. आमच्याकडे तेच मीठ बर्फाच्या पाण्याबरोबर बॉडीच्या मोरीतून, म्हणजे पाणी निघण्याच्या भोकातून, निघून मागच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीवर, ठिबकते. शिवाय मीठ एकदा बसले की ते हवेतला ओलावा ओढून घेते. साधे मीठ हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरू लागते, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही पाणी धरते. किनाऱ्यावरच्या गोव्याची हवा पाहता, मीठ बसलेली चासी डोळ्यांना कोरडी दिसली तरी खऱ्या अर्थाने कोरडी क्वचितच असते. पाऊस न पडताही गंज का वाढतो, याचे उत्तर यात आहे.

गोव्यातल्या गॅरेजमध्ये यावर चालत आलेला उपाय म्हणजे इंजिनातून काढलेले काळे तेल डिझेलमध्ये मिसळून खालून फवारणे. ते स्वस्त पडते आणि थोडे दिवस काम करते हेही नाकारता येत नाही. परंतु ते ठिबकत राहते, पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि पुढे शेतात, खाजनात (खाडीकाठच्या सखल जमिनीत) जाते, आणि सांध्यांमधल्या रबरी बुशांची वाट लावते. म्हणून तो पर्याय मला नको होता. दुसरा पर्याय रबरमिश्रित डांबरी लेपाचा. आमच्या ट्रकवर आधीच्या मालकाने तो मारून घेतलेला होता आणि वरून पाहता चासी काळीभोर, नवी वाटत होती. मेस्तांनी, म्हणजे गॅरेजच्या मिस्त्रींनी, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठिकठिकाणी ठोकली तेव्हा काही जागी आवाज पोकळ आला; तिथला लेप सोलल्यावर खाली ओल आणि पापुद्रे सुटलेला गंज निघाला. हा लेप वाळून कडक होतो. त्याला एखादी चीर गेली की खारे पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही, आणि वरचा काळा रंग तसाच राहिल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. लॅनोलिनचा लेप मुळात वाळतच नाही. तो मऊ राहतो, सांध्यांत हळूहळू ओढला जातो, आणि दगडाचा ओरखडा पडला तर आजूबाजूचा थर काही प्रमाणात सरकून ती जागा झाकतो. माझा कल त्याच्याकडे झाला तो या कारणाने.

लेप मारण्याआधीची तयारी हीच यातली खरी मेहनत आहे, आणि ज्या गॅरेजमध्ये ट्रक सकाळी आत घेऊन संध्याकाळी लेप मारून बाहेर देतात तिथे हे काम देऊ नये. प्रथम धुलाई. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी उन्हाळ्यात खारट होऊ शकते, त्यामुळे नळाचे गोडे पाणीच वापरावे. धुताना प्रेशर पंपाचे तोंड फार जवळ धरले तर मीठ सांध्यातून निघण्याऐवजी आत रेटले जाते. लाँग मेंबरच्या (चासीच्या लांब, उभ्या तुळयांच्या) आतल्या बाजूला आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरभोवती कमी दाबाने पण बराच वेळ पाणी सोडणे अधिक फायद्याचे ठरले. त्यानंतर ट्रक मेच्या कडक उन्हात पूर्ण सुकू दिला. पापुद्रे वायर ब्रशने आणि हातोडीने पाडले, आणि जो गंज घट्ट धरून होता त्यावर टॅनिक आम्लाचा कन्व्हर्टर लावला. तो गंजाशी संयोग पावून काळपट, स्थिर थर बनवतो. मात्र सुटलेल्या पापुद्र्यांवर लावल्यास पापुद्र्यासकट गळून पडतो.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आपली जांभ्याची माती लाल असते ती त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि गंज म्हणजेही लोहाचे ऑक्साइडच. त्यात डिचोली-साखळीकडच्या रस्त्यांवर खनिजाची धूळ असतेच. त्यामुळे ट्रकखाली वाकून नुसत्या रंगावरून काहीही ठरवता येत नाही: लाल दिसणारी जागा निव्वळ चिखल असू शकते, आणि चिखल म्हणून सोडून दिलेली जागा आतून खाल्लेली असू शकते. धुऊन, सुकवून, ठोकून पाहणे हाच विश्वासाचा मार्ग. पाट्यांच्या पानांमधली फट आणि रिव्हेट लावलेल्या दुहेरी पट्ट्या विशेष काळजीने पाहाव्यात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे तो दोन पत्र्यांमध्ये वाढू लागला की त्यांना पाचर मारल्यासारखे फाकवतो.

प्रत्यक्ष लेप मारताना लांब, लवचिक नळीचे नोझल असलेली स्प्रे गन असणे आवश्यक आहे. आतल्या पोकळ्यांपर्यंत ती पोहोचली नाही तर या लेपाचा निम्मा उपयोग वाया जातो. सायलेन्सर आणि त्याचा पाईप, ब्रेकचे ड्रम, रबरी बुश, एअर ब्रेकचे होज आणि अर्थिंगच्या जोडण्या झाकून घेतल्या. लॅनोलिनच्या तेलकट लेपाने काही प्रकारचे रबर फुगते, म्हणून बुशांच्या बाबतीत मेस्तांशी हुज्जत घालावी लागली तरी घालावी. लाँग मेंबरच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची भोके मोकळी आहेत ना, हेही पाहून घ्यावे. लेप ओला असताना किंवा नंतरही त्या जागी वेल्डिंग करायचे झाल्यास तो आधी पूर्ण पुसून काढणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अनिवार्य आहे.

आता परिणाम. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात ट्रक बराचसा उभाच होता, आणि ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वी तो रॅम्पवर घेऊन पाहिला. लाँग मेंबरच्या आतल्या बाजूला, क्रॉस मेंबरच्या सांध्यांत, ब्रेकच्या लोखंडी पाईपांच्या क्लिपांखाली आणि डिझेल टाकीच्या पट्ट्यांमागे लेप जसाच्या तसा होता. बोट फिरवले की चिकट थर लागत होता आणि त्यावरचे पाणी थेंब होऊन ओघळत होते. पाट्या आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी पान्याने सहज सुटले. आमच्यासारख्या गाडीमालकाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही, कारण एरवी ते गॅसने कापावे लागतात. याउलट चाकांच्या मागे, जिथे पावसातले पाणी आणि खडी सतत आपटते, तिथला लेप जवळजवळ पूर्ण धुऊन गेला होता. मागच्या क्रॉस मेंबरवर, बॉडीच्या मोरीखाली, तो पांढुरका होऊन पातळ झाला होता. म्हणजे जिथे मार सर्वाधिक आहे तिथेच हा लेप सर्वात कमी टिकतो. त्या जागांवर आता झिंकयुक्त प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी रंग देऊन घेतला आहे. लॅनोलिन फक्त त्या रंगाच्या कडांना आणि सांध्यांना. या मिश्र पद्धतीने हा हंगाम बऱ्यापैकी निभावला.

गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. सुरुवातीचे काही आठवडे ट्रकला ओल्या लोकरीचा वास येतो, पण मासळीच्या ट्रकचा मालक असली तक्रार कोणत्या तोंडाने करणार! धूळ मात्र खरोखर त्रास देते. मार्च-एप्रिलच्या उन्हात लेप मऊ होऊन थोडा ठिबकला आणि लाल धुळीचा जाड थर त्यावर बसला. त्या थराखाली लोखंड शाबूत होते, तरी खाली काम करणाऱ्या मेस्तांचे कपडे आणि शब्द दोन्ही खराब झाले. ज्या गॅरेजमध्ये नेहमी काम करून घेता तिथे आधी कल्पना द्यावी.

लेपाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, फरक एका साध्या बदलाने पडला. मोरीच्या तोंडाला होज जोडून ते पाणी चासीवर न पडता मागच्या बाजूला बसवलेल्या टाकीत जमेल अशी सोय केली. त्यामुळे क्रॉस मेंबरवरचे ठिबकणे थांबले आणि रस्त्यावर वास मारणारे पाणीही सांडत नाही. दर खेपेनंतर खालून गोडे पाणी मारण्याची शिस्तही ड्रायव्हरने पाळली. साध्या थंड पाण्याने लेप निघत नाही. गरम पाणी किंवा डिटर्जंट मात्र टाळावे.

बॅटरीला जोडून गंज थांबवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पेट्याही विकायला येतात. त्यांच्यावर मी पैसे घातले नाहीत. माळीमच्याच जेटीवर ट्रॉलरच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावलेले दिसतात आणि ते आपले काम करतात, कारण ठोकळा आणि तळ दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. रस्त्यावरच्या ट्रकभोवती तसे पाणी नसते, त्यामुळे त्या संरक्षणाचा परिणाम चासीभर पसरू शकत नाही.

खर्चाच्या बाजूने, लेपाची किंमत रबरी डांबरी लेपापेक्षा जास्त पडते आणि एकदा मारून भागतही नाही. आमचा क्रम आता असा आहे : मेमध्ये पूर्ण धुलाई, सुकवणी आणि पूर्ण लेप, बंदी उठण्याच्या सुमारास पाहणी आणि धुतल्या गेलेल्या जागी पुन्हा हात, दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, फक्त सांध्यांना एक फेरी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी) करावेच लागते. मेमधली पूर्ण धुलाई त्याच्या आधी बसवली तर चासी एकदाच उघडी करून दोन्ही कामे होतात. ज्यांचा ट्रक चिरे किंवा रेती वाहतो आणि जेटीकडे कधी फिरकत नाही, त्यांनी हा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. त्यांना चांगला इपॉक्सी रंग आणि वेळच्या वेळी ग्रीस पुरेसे आहे. मासळी, मीठ किंवा बर्फ वाहणाऱ्यांनी मात्र मेच्या अखेरीपूर्वी, ऊन कडक असतानाच, हे काम उरकून घ्यावे.