लॉनमधलं हिरवं झाकण: डाऊनस्पाऊटच्या कामात आम्ही कसे फसलो

आम्ही कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागात राहतो, घर ८० च्या दशकातलं आहे. हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे हिवाळा जवळ आला की बेल वाजवून गटर (छपराच्या कडेची पन्हळ) आणि डाऊनस्पाऊट (तिचं पाणी खाली आणणारे उभे पाइप) बदलून देतो म्हणणारी माणसं परत फिरायला लागतात, आणि आमचे गेले तसे कोणाचे पैसे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

१६ जुलै २०२४ चा पाऊस इकडच्या सगळ्यांना आठवत असेल, पिअर्सन एअरपोर्टला जवळपास ९८ मिमी पडला, टोरोंटोच्या डॉन व्हॅली पार्कवे या हायवेवर गाड्या पाण्यात अडकल्या. आमच्या बेसमेंटमध्ये तेव्हा थेंबही आला नाही, पण दोन घरं सोडून आला आणि आम्ही जाम घाबरलो. ऑगस्टमध्ये एक जण दारात आला, कंपनीचं नाव असलेला टीशर्ट, हातात टॅबलेट, बोलणं एकदम व्यवस्थित. त्याने घराला चक्कर मारून दाखवलं की मागचे दोन्ही डाऊनस्पाऊट भिंतीला लागूनच पाणी सोडतायत. आणि ते खरंच होतं हो, म्हणून तर विश्वास बसला. मागच्या बाजूचं छप्पर साधारण ६० चौरस मीटर धरलं तर २५ मिमी पावसात १५०० लिटर पाणी होतं, आणि ते सगळं दोन कोपऱ्यांत, फाउंडेशनच्या अगदी कडेला.

त्याचा प्लॅन असा की चारही डाऊनस्पाऊट नवीन, २ बाय ३ इंचाऐवजी ३ बाय ४ चे, आणि मागच्या दोघांचं पाणी जमिनीखालच्या पाइपमधून २० फूट लांब लॉनमध्ये न्यायचं, तिथे हिरवं झाकण असतं ते पाण्याच्या दाबाने उघडतं. वर काही दिसणार नाही, गवत कापताना अडचण नाही. ३,६०० डॉलर. अर्धे ई-ट्रान्सफरने आधी दिले, उरलेले कॅश दिलेत तर १३ टक्के एचएसटी (इथला विक्रीकर) लागणार नाही म्हणाला. इथे आम्ही मोठी चूक केली, कारण कॅश दिली म्हणजे पावती नाही, आणि पावती नाही म्हणजे नंतर हातात काहीच नाही.

काम झालं त्या दिवशी आम्ही दोघंही ऑफिसला. संध्याकाळी आलो तर मातीचा पट्टा नीट बुजवलेला, गवत परत बसवलेलं, टोकाला झाकण. छान वाटलं, उरलेले पैसे देऊन टाकले.

जानेवारीत मागचा एक डाऊनस्पाऊट खालून उभा फाटला, आत गच्च बर्फ. फोन केला तर वॉरंटीत आहे, स्प्रिंगला येऊन बदलतो म्हणाला. नंतर तो नंबरच बंद. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं आणि बेसमेंटच्या मागच्या कोपऱ्यात भिंत आणि फरशी जिथे मिळते तिथून पाणी झिरपायला लागलं. कार्पेट भिजलं, ड्रायवॉल (जिप्समच्या पत्र्यांची आतली भिंत) खालून फुगली, मुलाचं टेबल तिथेच होतं, त्याची पुस्तकं गेली. २०२४ च्या त्या पावसात जे झालं नव्हतं ते ३,६०० डॉलर घालून झालं, रात्री झोप लागायची नाही मला.

बाबा चिपळूणला असतात. व्हिडिओवर त्यांना सगळं दाखवलं तर त्यांनी एकच विचारलं, "पन्हळीचं तोंड कुठे सोडलंय ते बघितलंस का गो?" आमच्या गावच्या घराला उंच जोतं आहे, पागोळ्या लांब अंगणात पडतात, ते सगळं डोळ्यांना दिसतं. इथे घराचा अख्खा मजला जमिनीत, आणि पाणी जातं कुठे हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बाहेरचा नळ सुरू केल्यावर होज डाऊनस्पाऊटच्या तोंडात लावून १५ मिनिटं सोडला. झाकण हललं नाही, उलट भिंतीपाशी पाणी वर आलं. मग नवऱ्याने झाकण ओढलं तर ते हातातच आलं, खाली पाइपच नाही, नुसता एक बेंड मातीत खोचलेला. भिंतीकडून खणलं तर जेमतेम चार फूट काळा कोरुगेटेड पाइप, पुढचं तोंड मातीतच. मधे १६ फूट काही नाही. गवताची पट्टी फक्त कापून परत ठेवलेली. दुसऱ्या बाजूलाही तेच. म्हणजे आधी निदान वरून थोडं वाहून जायचं, ते आता सगळं भिंतीच्या बुडाशी मुरत होतं, आणि थंडीत त्या बंद पाइपमध्ये पाणी साचून गोठलं, मागे मागे बर्फ चढत गेलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, मग पातळ ॲल्युमिनियम फाटणारच. मोजून बघितलं तर डाऊनस्पाऊटही २ बाय ३ चेच होते. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवायचा असतो, दोन ठिकाणी तेही उलटं, त्यामुळे त्या जोडांतून गळत होतं.

शेजारच्या आजोबांनी नंतर सांगितलं, तुमच्या लॉनमध्ये झेंडे लागलेच नव्हते. आमच्या ऑन्टारियो प्रांतात खणायच्या आधी ऑन्टारियो वन कॉल या सेवेला कळवावंच लागतं, फुकट असतं, मग जमिनीखालच्या गॅसलाइनसाठी पिवळ्या आणि विजेच्या लाइनसाठी लाल झेंड्यांच्या, रंगाच्या खुणा करून जातात. आमच्याकडे एकही खूण नव्हती, कारण खणायचं नव्हतंच.

इन्शुरन्सवाले म्हणाले हळूहळू झिरपलेलं पाणी पॉलिसीत बसत नाही. घरी बसून केलेला ५० डॉलरच्या वरचा करार लेखी प्रत मिळाल्यापासून १० दिवसांत कारण न देता रद्द करता येतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आमच्याकडे तर धड करारच नव्हता, टॅबलेटवर सही फक्त. प्रांत सरकारच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केलीय, पाठवलेलं रजिस्टर्ड पत्र परत आलं.

आता ओळखीतून दुसरा माणूस आणला. त्याने जमिनीखालचं काढून टाकलं, उघडे कडक पाइप सहा फूट लांब सोडले, गवत कापताना उचलून उभे करता येतात, आणि भिंतीकडून बाहेर उतार येईल अशी माती भरली. गोठलं तर दिसतं, हाताने मोकळं करता येतं. होज लावून पाणी टोकाला पडताना दाखवलं, मगच पैसे घेतले, पावतीसकट.

बेसमेंटमध्ये कार्पेट अजून घातलेलं नाही. हा एक मार्च जाऊ दे, मग बघू.