रॅम्प पाहिला, कागद पाहिला नाही

वांगणी, बदलापूर, आसनगाव या बाजूला कमी भाड्याचे घर शोधणाऱ्या, विशेषतः दिव्यांग असलेल्या लोकांनी, घराच्या डिपॉझिटमध्ये माझी फसवणूक झाल्याचा हा अनुभव पैसे देण्यापूर्वी वाचावा, एवढ्यासाठी तो सविस्तर लिहीत आहे.

मी घणसोली गावातील एका चाळीत अकरा वर्षे भाड्याने राहिले. पावणे येथील एका कारखान्यात पॅकिंगचे काम करत असताना २०२२ मध्ये मालाने भरलेले पॅलेट डाव्या पायावर कोसळले आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. कामावर अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले तर कर्मचारी राज्य विमा योजनेतून दरमहा रक्कम मिळते. अपंगत्व पूर्ण असेल तर ती वेतनाच्या ९० टक्के असते, आणि अंशतः असेल तर कमाईची क्षमता किती घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते व त्या प्रमाणात रक्कम मिळते. माझ्या बाबतीत ५० टक्के ठरले आणि महिन्याला सहा हजार सातशेच्या आसपास रक्कम सुरू झाली. चाळीतल्या खोलीचे भाडे तेव्हा साडेसात हजार होते. मुलगा अकरावीत होता. दर महिन्याला भावापुढे हात पसरण्याचे दिवस आले, आणि तो कधी काही बोलला नाही तरी मला ते सहन होईना.

तेव्हा नवी मुंबई सोडून एखाद्या लहान गावात जायचे असे ठरवले. सरकारी घरांच्या सोडतीत दिव्यांगांसाठी राखीव घरे असतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गृहनिर्माण योजनांमध्ये ५ टक्के आरक्षण आहे, हे मला माहीत होते. परंतु राखीव घरालाही पैसे भरावे लागतात, आणि सहा हजार सातशेच्या उत्पन्नावर गृहकर्ज मिळण्याची आशा मला नव्हती. त्यामुळे भाड्याचेच घर शोधणे भाग होते.

मी घाईत निर्णय घेतला नाही, हे मुद्दाम सांगते. दोन महिने मुलाला बरोबर घेऊन मी आसनगाव, टिटवाळा, बदलापूर आणि वांगणी पाहिले. स्टेशनवरून रिक्षापर्यंत किती पायऱ्या आहेत, पाणी रोज येते की टँकरवर भागवावे लागते, हे सारे वहीत लिहून ठेवले. वांगणी मनात भरण्याचे कारण म्हणजे तिथे दृष्टिहीन व्यक्तींची कितीतरी कुटुंबे पूर्वीपासून राहतात. त्यांतील अनेक जण लोकल गाड्यांमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरतात, आणि भाडे कमी म्हणून त्यांनी हे गाव निवडले. जिथे एवढी दिव्यांग माणसे राहतात तिथे आपल्याला कोणी टक लावून पाहणार नाही, असे मला वाटले आणि ते खरेही ठरले. बदलापूरपर्यंत धावणाऱ्या लोकल गाड्या वांगणीपर्यंत येत नाहीत, कर्जत किंवा खोपोलीचीच गाडी धरावी लागते, हा तोटाही मी लिहून ठेवला होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती, हे ठाणे जिल्ह्यात कोणीही विसरलेले नाही. म्हणून तळमजल्याची खोली पाहताना त्या वर्षी पाणी कुठवर आले होते, हे मी शेजारच्या दुकानदाराला विचारले होते. एवढी चौकशी करणारी मी घराचा मालक कोण, हे मात्र विचारले नाही. त्याचे कारण सांगते.

मला तळमजला हवा होता. आमच्या उत्पन्नात बसणाऱ्या चार मजली इमारतींना बहुधा लिफ्ट नसते आणि तळमजल्यावर बहुतेक दुकाने असतात. शिवाय रात्री कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर मला वॉकर लागतो, आणि वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जाईल असे घर मिळणे फार कठीण असते. मी पाहिलेल्या चौदा घरांपैकी बारा घरांत तो जात नव्हता. एजंटांना हे सांगितले की ते नुसती मान डोलावत आणि पुन्हा दुसऱ्या मजल्यावरचेच घर दाखवत.

वांगणीत ज्याने मला घर दाखवले तो एजंट तसा नव्हता. तो स्वतः थोडा लंगडत चालायचा. लहानपणी पोलिओ झाला होता, असे त्याने सांगितले. त्याने खिशातून टेप काढली, आधी माझ्या वॉकरची रुंदी मोजली, मग न्हाणीघराच्या दाराची मोजली आणि म्हणाला, “ताई, तीन इंच जागा राहते. तुमचा हात घासणार नाही.” इमारतीच्या दारात दोन पायऱ्या होत्या. त्या पाहून मी थांबले, तेव्हा तो म्हणाला, “पायऱ्यांची काळजी तुम्ही करू नका, ते माझ्याकडे लागले.” आठवड्याभरात त्याने खरोखरच तिथे सिमेंटचा उतार करून घेतला. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा सिमेंट पुरते वाळलेले नव्हते आणि त्यावर मांजराच्या पावलांचे चार ठसे उमटले होते. त्या उतारावरून मी कोणाचाही हात न धरता वर गेले. अपघातानंतर कोणीतरी माझ्यासाठी जागा बदलली, असे पहिल्यांदाच घडत होते. माझी सावधगिरी तिथेच संपली.

घर हेवी डिपॉझिटवर मिळेल, असे त्याने सांगितले. साडेतीन लाख एकरकमी द्यायचे, दरमहा भाडे नाही, आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत. माझ्यासारखीला ही पद्धत फार सोयीची वाटते, कारण महिन्याची रक्कम घरखर्चाला मोकळी राहते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे, आईच्या बांगड्या मोडून आलेले पैसे आणि भावाकडून उसने घेतलेले चाळीस हजार, अशी ती रक्कम उभी राहिली. मालक दुबईत असतो आणि आपणच त्याचा सगळा व्यवहार पाहतो, असे एजंट म्हणाला. करार नोंदवायचा का, असे मी एकदा विचारले होते. त्यावर नोंदणीला पंधरा हजार जातात आणि नोटरी केलेला कागद तेवढाच पक्का असतो, असे उत्तर मिळाले. दीड लाख मी त्याच्या पत्नीच्या खात्यात यूपीआयने तीन दिवसांत पाठवले आणि दोन लाख रोख दिले. कागदावर मात्र दीड लाखच लिहिले होते. उरलेल्या रकमेची पावती मालकाची सही घेऊन नंतर देतो, असे तो म्हणाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही राहायला गेलो.

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी डोंबिवलीहून एक वयस्कर गृहस्थ आले आणि तुम्ही कोण, असे त्यांनी मला दारातच विचारले. ते घराचे मालक होते आणि दुबईला कधीही गेलेले नव्हते. एजंटाने हे घर स्वतः राहण्यासाठी म्हणून त्यांच्याकडून महिना पाच हजार भाड्याने घेतले होते. माझ्याकडून साडेतीन लाख घेऊन तो त्यातूनच त्यांना भाडे देत राहिला आणि तीन महिन्यांपूर्वी त्याने भाडे देणे बंद केले. त्याचा फोन तेव्हापासून लागत नव्हता. काकांनी आवाज चढवला नाही. माझा पाय पाहून ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितले. दोन महिन्यांत घर मोकळे करा, असे त्यांनी जाताना सांगितले.

चौकशी केली तेव्हा परिसरात त्याने असे सहा जणांना घर दिल्याचे कळले, आणि सहाही घरांत कोणी ना कोणी दिव्यांग होते. आमच्या मागच्या इमारतीत एक दृष्टिहीन जोडपे राहते. त्यांनी अडीच लाख दिले होते. करारावर अंगठा देण्यापूर्वी त्यांना तो कागद वाचून दाखवणारा माणूस हा एजंटच होता. त्या कागदावर डिपॉझिट या शब्दाऐवजी ‘हातउसने’ असे लिहिलेले आहे, हे मी तो वाचून दाखवला तेव्हा त्यांना कळले. त्या जोडप्यातल्या ताई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी मला तो शब्द पुन्हा वाचायला सांगितला.

पोलिसांत गेलो तेव्हा हा देण्याघेण्याचा दिवाणी वाद आहे, असे पहिल्या दिवशी ऐकायला मिळाले. मग ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. ही तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे आणि ती आपल्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. वकीलबाईंनी सहाही तक्रारी एकत्र मांडल्या. एकाच पद्धतीने सहा जणांची फसवणूक झाल्याचे दिसल्यावर दिवाणी वादाचा मुद्दा टिकला नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या फसवणूक व विश्वासघाताच्या कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. सहा जणांनी वेगवेगळे जाऊन काहीच झाले नसते, असे मला आजही वाटते.

वकीलबाईंनी समजावलेली एक गोष्ट नीट सांगायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. परंतु हे संरक्षण घरमालकाविरुद्ध आहे, आणि ज्याला मी पैसे दिले तो घरमालक नव्हताच. नोंदणीला पंधरा हजार लागतात हे धादांत खोटे होते. ग्रामीण भागात लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी फी ५०० रुपये आहे आणि महापालिका क्षेत्रात १,००० रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर नव्हे, तर त्यावर वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजावर. ऑनलाइन नोंदणीत मालकाचा अंगठा आधारशी जुळवला जातो. तो माणूस नोंदणी टाळत होता ते या अंगठ्यामुळे, आणि मालक परदेशात असल्याची कथाही त्याचसाठी रचली होती. मालक खरोखरच परदेशात असेल तर त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र मागावे आणि ते वकिलाला दाखवूनच पुढे जावे.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, पाहता येते, तिथे घर कोणाच्या नावावर खरेदी झाले ते कळते. तेही जमत नसेल तर विजेचे बिल आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती मागावी. माझ्या घराचे विजेचे बिल दर महिन्याला दारातच पडत होते, त्यावर काकांचे नाव होते, आणि पाच महिने मी ते बिल भरत होते. रोख रक्कम कोणालाही देऊ नये, आणि दिलीच तर कागदावर पूर्ण आकडा लिहिल्याशिवाय देऊ नये. माझे दोन लाख त्या एका चुकीने जवळजवळ बुडालेच होते. ज्यांना दिसत नाही त्यांनी करार वाचून घेण्यासाठी एजंटाने आणलेला माणूस घेऊ नये, स्वतःचा न्यावा.

काकांनी पुढे विचार बदलला. मे महिन्यात त्यांनी माझ्याशी थेट करार केला, भाडे साडेचार हजार आणि डिपॉझिट पंधरा हजार. नोंदणीच्या वेळी त्यांचा अंगठा यंत्रावर दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला, आणि तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. उताराचे सिमेंट एका कडेला फुटले होते, ते त्यांनीच दुरुस्त करून दिले.

एजंटाला ऑगस्टमध्ये अटक झाली. त्याच्या पत्नीच्या खात्यातले ६२,००० रुपये गोठवलेले आहेत आणि ते सहा जणांत कसे वाटायचे याचा अर्ज न्यायालयात प्रलंबित आहे. रोख दिलेल्या रकमेचा जो काही पुरावा आमच्याकडे आहे, तो मागच्या इमारतीतल्या दादांमुळे आहे. ते लिहीत नसल्यामुळे एजंटाशी त्यांचे सगळे बोलणे ध्वनिसंदेशांतून होत असे, आणि त्यांनी एकही संदेश पुसला नव्हता. त्यांतल्या एका संदेशात घणसोलीच्या ताईंचे दोन रोख आले, तुमचे कधी देता, असे एजंट स्वतःच्या आवाजात विचारतो. तो फोन पंचनामा करून पोलिसांनी जमा करून घेतला आहे. दादांना बोलणारा, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारा, फोन लागतो, त्यावाचून त्यांचा धंदा अडतो, म्हणून माझ्या मुलाने आपला जुना फोन त्यांना बोलता करून दिला आहे, आणि पोलिसांकडचा फोन लवकर परत मिळावा यासाठी वकीलबाईंनी वेगळा अर्ज केला आहे.